आवाज बंद करून खेळणारी मुलगी

आमच्या वाडीतल्या बचत गटाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते. तोवर सगळ्यांचे पगार झालेले असतात. गेल्या पावसाळ्यातल्या अशाच एका बैठकीत गटातल्या एका बाईने अठरा हजारांचं कर्ज मागितलं. अर्जात कारण लिहिलं होतं, 'मुलाचं शिक्षण'. हिशेब ठेवणाऱ्या बाईने नेहमीप्रमाणे विचारलं, फी कोणत्या कॉलेजची? पावती लागेल. ती बाई थोडा वेळ पदराशी चाळा करत बसली आणि म्हणाली, "खोटं काहून बोलू ताई? पोराले गेमचा डबा पाह्यजे. टीव्हीले लावाचा. त्याचा दोस्त जुना विकून राह्यला."

ही बाई खडगाव रोडवरच्या एका गोदामात कामाला जाते. आलेली पार्सलं यंत्राखाली धरायची, पट्टी वाचली की ज्या त्या ढिगात टाकायची. वाडी म्हणजे अमरावती रस्त्यावरचं ट्रान्सपोर्टवाल्यांचं गाव. नागपुरात ऑनलाइन मागवलेल्या कितीतरी वस्तू आमच्या गोदामांमधून पुढे जातात. ती म्हणाली, "असे डबे रोज माह्या हाताखालून जातात. वरती चित्र असते. अंदर काय असते मले काय माहीत?"

मग बैठकीत एकच गोंधळ झाला. कोणी म्हणालं, गटाचा पैसा खेळण्यावर घालवायचा नाही. कोणी म्हणालं, घरात बसून खेळतोय ना, दारूच्या दुकानात तर नाही गेला. एकीचा मुलगा मोबाईलवर पैसे लावून खेळता खेळता चाळीस हजारांनी बुडाला होता. तिला रडूच कोसळलं. मीही बोलले. कार्यकर्ती म्हणून जे बोलायची सवय झाली आहे तेच बोलले : व्यसन, हिंसा, अभ्यासाचं नुकसान, बाजाराची चाल.

दाराशी त्या बाईची मुलगी बसली होती. अकरावीला आहे, अक्षर चांगलं म्हणून आमची हजेरी तीच लिहिते. वहीतून डोकं न काढता ती म्हणाली, "मी बी खेळते ना ताई."

तू कधी खेळतेस?

"रात्री. तो झोपला का मंग. त्याच्याच मोबाईलवर, आवाज बंद करून." आणि मग जरा हसून, "त्याच्याहून चांगली खेळते. खातं त्याच्या नावाचं आहे. सकाळी नंबर वर गेलेला दिसला का तो दोस्ताइले सांगते, मीच खेळलो."

बैठक कर्जावरच अडून राहिली, निर्णय पुढे गेला. पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. अर्धा तास आम्ही वीस बायका मुलाच्या गेमवर भांडलो, द्यावा की न द्यावा. त्या घरात खेळणारी आणखी एक व्यक्ती आहे आणि ती मुलगी आहे, हे आम्हा कोणाच्या, माझ्यासुद्धा, मनात आलं नव्हतं.

माझ्या तरी मनात यायला हवं होतं. माझे वडील अंबाझरीच्या आयुध निर्माणीत होते आणि आम्ही डिफेन्सच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. १९९३ च्या दसऱ्याच्या बोनसमधून त्यांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राची ती नक्कल होती, हे फार पुढे कळलं. त्यात घालायच्या पिवळ्या डबीला आम्ही सगळे 'कॅसेट' म्हणायचो आणि हातात धरायच्या बटणांच्या पट्टीला 'रिमोट'. एकाच कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचं वर लिहिलेलं असे, आत तेच दहाबारा नाव बदलून. रिमोट दोन होते. पहिला दादाचा, दुसरा माझा. मारिओच्या खेळात पहिला गडी मेला की दुसऱ्याची पाळी येते. दादा लवकर मरत नसे. आणि तो मेला नेमका तेव्हाच आई आतून हाक मारायची, पाव्हणे आलेत, चहा टाक. चहा घेऊन येईपर्यंत दादाने माझी पाळी खेळून टाकलेली असे. यात त्याचा दुष्टपणा नव्हता. पाळी वाया जाऊ नये एवढाच हिशेब. दादाला कधी कोणी चहा टाकायला उठवलं नाही, हे माझ्या लक्षात यायला मात्र वीस वर्षं आणि स्त्री चळवळीची दोनचार शिबिरं लागली.

१९८५ सालच्या त्या मारिओच्या खेळात राजकन्येला पळवून नेलेलं असतं आणि तिला सोडवायला गडी आठ प्रदेश पालथे घालतो. राजकन्येला शेवटी उभं राहण्यापलीकडे काम नाही. पण मला त्याहून चीड आली ती 'मेट्रॉइड' या १९८६ सालच्या खेळाची गोष्ट कळली तेव्हा. त्यात अंगभर चिलखत घातलेला एक अंतराळयोद्धा लढत असतो. शेवटी शिरस्त्राण उतरतं आणि कळतं की ही बाई आहे. केवढी छान कल्पना! पण खेळ जितका कमी वेळात संपवाल तितके तिचे कपडे कमी. सगळ्यात झटपट संपवणाऱ्याला ती पोहण्याच्या कपड्यात दिसते. म्हणजे जिने पूर्ण लढाई लढली तिचंच शरीर खेळणाऱ्याला बक्षीस म्हणून द्यायचं. ज्याने हा शेवट ठरवला त्याच्या डोळ्यांसमोर खेळणारी मुलगी नव्हतीच.

व्हिडिओ गेम ही मुळातच पुरुषांची वस्तू आहे, असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. अमेरिकेत रोबर्टा विल्यम्स या बाईने १९८० मध्ये 'मिस्ट्री हाउस' हा गेम रचला. संगणकावरच्या साहसखेळांत चित्रं आणणाऱ्या पहिल्या गेमांपैकी तो एक. कॅरल शॉ हिने १९८२ मध्ये 'रिव्हर रेड' लिहिला, तो तुफान खपला. पुढे धंदा मोठा झाला आणि दुकानांत ही यंत्रं मुलांच्या खेळण्यांच्या फळीवर जाऊन बसली. १९८९ मध्ये हातात मावणारं यंत्र निघालं, त्याचं नावच 'गेम बॉय'. भातुकली एका फळीवर, बंदूक-मोटार दुसऱ्या फळीवर, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्यालाही तीच लागू झाली.

आता नवी यंत्रं पाहा. आपल्यापैकी पुष्कळजणी ती पाहतच नाहीत, 'पोरांचं काहीतरी आहे' म्हणून सोडून देतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. टीव्हीला जोडायचा मोठा डबा असतो, त्याला कन्सोल म्हणतात. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. गोदामात पार्सलं लावणाऱ्या बाईचे कित्येक महिन्यांचे पगार. म्हणून आमच्याकडे जुनी यंत्रं हातोहात फिरतात. डब्याबरोबर कंट्रोलर येतो, म्हणजे आमचा तो रिमोट, आता दोन्ही हातांनी धरायचा. शौकीन मंडळी त्यावर माइकवाला हेडफोन घेतात, खेळता खेळता दुसऱ्या गावातल्या गड्याशी बोलायला. आणि फारच हौस असेल तर डोळ्यांवर बांधायचा चष्मा, ज्यात आपण खेळाच्या आतच उभे आहोत असं वाटतं.

या प्रत्येक वस्तूचं माप कोणावरून घेतलं असेल? मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये आपला पहिला कन्सोल काढला, तेव्हा त्याचा कंट्रोलर इतका थोराड होता की लोकांनी त्याची थट्टा केली. जपानसाठी कंपनीला तो लहान करावा लागला आणि मग तो लहानच सगळीकडे चालला. ही अडचण बायकांनी सांगितली असती तर तो लहान झाला असता का, हा माझा खवचट प्रश्न. डोळ्यांवरच्या चष्म्याची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तो लावल्यावर बायकांना पुरुषांपेक्षा जास्त मळमळतं, चक्कर येते, असं बरीच वर्षं म्हटलं जात होतं. बायकांचं डोकंच नाजूक, असं त्यावर सोपं उत्तरही तयार होतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासून पाहिलं. दोष चष्म्याच्या भिंगांमधल्या अंतरात निघाला. बायकांच्या दोन डोळ्यांतलं अंतर सरासरीने कमी असतं आणि पुष्कळजणींच्या डोळ्यांना बसेल इतकी ती भिंगं जवळ येतच नव्हती. ज्यांना चष्मा नीट बसला त्या बायकांना पुरुषांइतकाच त्रास झाला. शिवणयंत्राच्या वर्गात आम्ही नेहमी म्हणतो, कापड चुकलं नाही, माप चुकलंय. तेच इथे.

माइकवाल्या हेडफोनची बाब वेगळी, तो नीट बसतो. तरी खेळणाऱ्या मुली तो बंद ठेवतात. माझ्या ओळखीची एक इंजिनिअरिंगची मुलगी हिंगणा रोडला वसतिगृहात राहते आणि नेमाने खेळते. ती सांगत होती, "माइकवर एक शब्द बोलले की खेळ थांबतो. मुलगी आहे, मुलगी आहे. मग नंबर दे. नाही दिला की शिव्या, आईवरून, बलात्काराच्या." म्हणून ती नाव मुलाचं घेते, आवाज देत नाही. आमच्या हजेरी लिहिणाऱ्या मुलीचा आवाज बंद, कारण भाऊ जागा होईल. हिचा आवाज बंद, कारण अनोळखी पुरुषांना कळेल. दोघींनी आपापल्या परीने एकच उपाय काढला आहे.

हे अमेरिकेतही असंच आहे. अनिता सार्कीशियन नावाच्या कार्यकर्तीने व्हिडिओ गेममधल्या स्त्रीचित्रणाची चिकित्सा करणारी चित्रफीतमालिका काढली. आपण शिबिरात सिनेमातल्या नायिकेची करतो तशीच चिकित्सा. तिला वर्षानुवर्षं जिवे मारण्याच्या आणि बलात्काराच्या धमक्या आल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा राज्यातल्या विद्यापीठात तिचं व्याख्यान होतं. गोळीबार करू, अशी धमकी आली. त्या राज्यातल्या कायद्यामुळे सभागृहात बंदूक घेऊन येणाऱ्यांना अडवता येणार नव्हतं, तेव्हा तिने व्याख्यान रद्द केलं. आणि आपल्या अगदी शेजारी, छिंदवाड्याकडची पायल धारे. गेम खेळत खेळत लोकांशी बोलणारी ही मुलगी लाखो लोक पाहतात. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या नावाजलेल्या गेमर्सना भेटायला बोलावलं, त्यात ती एकटी मुलगी होती. तिच्या नावाने डिसेंबर २०२५ मध्ये खोटी चित्रफीत फिरवली गेली आणि तिला पोलिसांकडे जावं लागलं. इतकं नाव झाल्यावरही हे चुकत नाही. मग निनावी खेळणारीला आपण काय सांगणार, माइक चालू ठेव म्हणून?

मला माहीत आहे, इथवर वाचून काहीजणी म्हणतील, म्हणूनच तर मुलींना यापासून लांब ठेवावं. एसटीत छेड काढतात म्हणून मुलीची शाळा बंद करणाऱ्या बापाशी आपण किती वाद घातले आहेत! तेव्हा आपण म्हणालो, शाळा बंद करू नका, एसटीतल्याला बंद करा. खेळाच्या बाबतीत आपलं उत्तर एकदम का बदलतं? कारण मनातून आपल्याला खेळ ही गरजेची गोष्ट वाटत नाही. शिक्षण हक्क, पाणी हक्क, खेळ मात्र चैन. त्यातही मुलगा खेळला तर ते वय असतं, मुलगी खेळली तर रिकामटेकडेपणा.

सरकारचीच २०२४ ची वेळवापराची पाहणी आहे. घरातलं बिनमोबदला काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. जे पुरुष असं काम करतात, ते ८८ मिनिटं. फरक तीन तासांच्या वर जातो. हे तीन तास पुरुषांकडे कुठून आले हे आपल्याला माहीत आहे, ते कुठे जातात यातले काही टीव्हीसमोरच्या त्या डब्याला माहीत असतील. फोनचीही तीच कथा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या बायका देशात ५४ टक्के निघाल्या. बाकीच्यांच्या घरात मोबाईल नव्हता असं नाही, तो नवऱ्याचा, मुलाचा, सासऱ्याचा होता. आमच्या त्या मुलीसारख्या कितीतरीजणी रात्रीच्या भाडेकरू.

आता पैसे लावून खेळण्याबद्दल, कारण बैठकीत सगळा राग तिथून आला होता आणि तो खोटा नव्हता. मोबाईलवर रमी, क्रिकेटचा संघ लावणं, यात आमच्या वस्तीतल्या किती घरांचे किती गेले याचा हिशेब नाही. मंगळसूत्र गहाण पडल्यावर बायकोला कळायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. पैसे लावायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ते योग्यच झालं. मोठ्या कंपन्यांनी तेव्हा लगोलग आपले पैशांचे खेळ बंद केले. आमच्या भागातल्या बायकांनी त्या दिवशी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. चोरून चालणारा सट्टा यापुढेही राहील, त्यावर लक्ष ठेवावं लागेल. पण तो जुगार आहे. जुगाराचं आणि खेळाचं नाव एकच पडलं, 'गेम', आणि आपण दोन्हींना एकाच काठीने झोडपतो. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी बंद केला तेव्हा कितीतरी आयांनी देवाचे आभार मानले. सरकारने तो पोरांच्या व्यसनासाठी बंद केलेला नव्हता, चिनी कंपन्या आणि देशाची सुरक्षा हे कारण दिलं होतं. पुढे २०२१ मध्ये तो दुसऱ्या नावाने आलाच. बंदीचं निवेदन घेऊन आम्हीही गेलो होतो, माझी सही त्यावर आहे. त्या निवेदनात मुलींचा उल्लेख एकदाच होता, 'मुलामुलींवर वाईट परिणाम' या जोडशब्दात.

खेळांमधली हिंसा खरी आहे, ती मी नाकारत नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' नावाच्या गाजलेल्या मालिकेत रस्त्यावरच्या वेश्येला पैसे देऊन वापरायचं आणि मग मारून ते पैसे परत घ्यायचे, हे करता येतं. डिसेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात वेश्याव्यवसायातल्या हिंसेतून वाचलेल्या बायकांनी त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या आणि टार्गेट या दुकानसाखळीने पाचवा भाग विकणं थांबवलं. त्या बायकांनी खेळ काय आहे हे नीट समजून घेऊन, बोट ठेवून मागणी केली होती. २०१३ च्या त्या पाचव्या भागात तीन नायक होते, तिघेही पुरुष. सहाव्या भागात लुसिया नावाची नायिका आहे, आणि तो १९ नोव्हेंबर २०२६ ला येईल, असं कंपनीने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. आमच्या वाडीतली पोरं आतापासून दिवस मोजतात. नायिका आली म्हणून रस्त्यावरच्या बाईचं काय बदलतं, ते मला पाहायचं आहे. त्यासाठी खेळाच्या आत काय चाललंय हे कळणारी माणसं आपल्यात हवीत. सिनेमा न पाहता सिनेमाविरुद्ध लेख लिहिणाऱ्यांना आपण हसतोच ना?

दुसऱ्या तऱ्हेचे खेळही आहेत. पुण्याच्या एका छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. त्या चमूच्या संस्थापकांत श्रुती घोष ही चित्रकार आहे. डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी एक पोर आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला निघते. भाऊ बहिणीला सोडवत नाही, बहीण भावाला सोडवते! कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांनी २०१६ मध्ये मोबाईलसाठी 'मिसिंग' हा खेळ काढला. त्यात खेळणाऱ्याला विकल्या गेलेल्या मुलीच्या जागी उभं राहून निर्णय घ्यावे लागतात. तस्करीवर काम करणाऱ्या गटांनी तो एकदा तरी खेळून पाहावा. खेळ म्हणून तो मला जरा शिकवणीसारखा वाटला, पण मुली गप्प होऊन खेळल्या.

मुली कुठे खेळल्या ते सांगायचं राहिलं. त्या बैठकीनंतर मी एक उद्योग केला. डिफेन्समधल्या एका निवृत्त जोडप्याचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याचा जुना प्लेस्टेशन ४ कपाटावर धूळ खात होता. तो आमच्या दत्तवाडीच्या केंद्रासाठी मागून आणला. कंट्रोलर एकच चालत होता, म्हणून दुसरा घ्यायला बर्डीवर गेले. दुकानदाराने विचारलं, "मुलाचं वय काय?" मी म्हटलं, मला हवाय. तो हसला आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या अनोळखी पोराला विचारू लागला, कोणता देऊ?

रविवारी दुपारी तीन ते पाच मुलींची वेळ ठेवली. पहिल्या रविवारी चार आल्या, महिन्याभरात चौदा. जुनी फुटबॉलची तबकडी मिळाली, 'फिफा १६'. २०१५ मधला हा त्या मालिकेतला पहिला खेळ, ज्यात बायकांचे संघ आले. बारा देशांचे होते, भारताचा नव्हता. मुलींनी जर्मनी घेतली, कारण कोणाला तरी तो झेंडा आवडला. आरडाओरडा इतका, की शेजारच्या काकूंनी येऊन विचारलं, भांडण झालं काय वं? आवाज चालू ठेवून खेळल्या पोरी, त्याचं मला काय वाटलं ते लिहीत नाही.

आमच्या गटातल्याच एका ज्येष्ठ मैत्रिणीला हे पटलेलं नाही. ती म्हणते, मुलींना मैदान द्या, पडदा कशाला? तिचं म्हणणं मी मोडून काढू शकत नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्या आठवड्यात केंद्रातल्या मुलींनी बॅट मागितली आणि आम्ही ती आणलीही. पण जवळच्या मोकळ्या जागेवर रात्रंदिवस ट्रक उभे असतात आणि उरलेल्या तुकड्यावर मुलं आधीच खेळत असतात. मैदानाची मागणी नगरपरिषदेकडे दिली आहे. ती मिळेपर्यंत मुलींनी खोलीतही खेळायचं नाही, असं मला म्हणता येत नाही. मैत्रिणीचा दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. ती म्हणते, तू कंपन्यांना नवी गिऱ्हाइकं मिळवून देते आहेस. खरंच आहे, मुलींसाठी म्हणून गुलाबी रंगाचे हेडफोन आले आहेतच, मांजराच्या कानांचे. त्यामुळे केंद्रात विकत घ्यायचं नाही, जुनंच वापरायचं, हा नियम आम्ही केला. तो किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.

कर्जाचं काय झालं? पुढच्या बैठकीत पुन्हा तास गेला. शेवटी बाराच हजार मंजूर झाले, नेहमीच्या व्याजाने, आणि अर्जावर खरं कारण लिहायचं असं ठरलं. एकीने अट घातली : डबा दोघांचा, संध्याकाळी सात ते आठ मुलीची वेळ. सगळ्यांनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले तर सात वाजता मुलगा खेळत होता आणि मुलगी चुलीशी. म्हटलं, अट विसरलात का? तिची आई गोदामातून साडेआठला येते. सातला स्वयंपाक लावला नाही तर जेवायला दहा वाजतात. वीस बायकांनी बसून ठरवलेली वेळ नेमकी पोळ्यांची होती, आणि ती ठरवताना आमच्यापैकी एकीच्याही ते लक्षात आलं नाही.

त्यावर घरात आठ दिवस धुसफूस चालली. मुलगा म्हणाला, मग तिने नऊनंतर खेळावं. नऊनंतर तिचा अभ्यास. परवा हप्ता भरायला त्याची आई आली तेव्हा विचारलं, आता कसं चाललंय? म्हणाली, "भात लावते तो आता. पोळ्या नाही करत. शिट्ट्या मोजाले तिलेच हाका मारते, ते तिकून खेळता खेळता वरडते, तीन झाल्या, बंद कर."